जीमेलची विशी: १ जीबीचं गाजर आणि न सुटणारा पत्ता

दवंडीवाला | सोम, ०१/०४/२०२४, सकाळी ९:१०

आज १ एप्रिल. वीस वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला गूगलने जीमेल जाहीर केलं आणि निम्म्या लोकांना ते एप्रिल फूल वाटलं. वाटणारच हो. हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा देत होतं, याहू ४ एमबी. आणि एक सर्च इंजिनवाली कंपनी उठते नि म्हणते, आम्ही फुकटात १ जीबी देतो. त्यात प्रसिद्धिपत्रकाची भाषा टवाळ, आणि गूगलला १ एप्रिलला चेष्टा करायची खोड आधीपासूनच.

आताच्या पोरांना २ एमबी म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. फ्लॉपी १.४४ एमबीची असायची, म्हणजे दीड फ्लॉपीत आपली अख्खी टपालपेटी. कुणी डिजिटल कॅमेऱ्यातले दोन फोटो लहान न करता पाठवले की इनबॉक्स तुंबला, मग मागून येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत. त्यामुळे लॉगिन केलं की आधी झाडलोट, मग वाचन. कुणाचं पत्र ठेवायचं आणि कुणाचं उडवायचं याचा निवाडा रोज करावा लागे.

सगळीकडे आज '१ जीबीची क्रांती' म्हणून लेख येताहेत. मला ते पटत नाही. गूगलचा इंजिनिअर पॉल बकहाइट याने २००१ मध्ये जीमेलचं काम सुरू केलं ते जागेच्या मागे लागून नव्हे. गूगल ग्रुप्सचा तयार कोड घेऊन त्याने आधी स्वतःच्या मेलमध्ये शोधता येईल असं काहीतरी उभं केलं. सहकाऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले, छान आहे, पण यात आमचे मेल शोधता आले असते तर जास्त बरं झालं असतं. तिथून गाडी पुढे गेली. शोधायचं तर जुनं जपून ठेवायला हवं, जपायचं तर जागा हवी. म्हणजे जागा मागाहून आली. फोल्डरांच्या जागी लेबलं, एकाच विषयावरचे सवाल-जवाब एका माळेत, आणि डिलीटऐवजी आर्काइव्ह. सुरुवातीच्या जीमेलमध्ये डिलीटचं बटण समोर नव्हतंच, आठवतंय का कुणाला? मेनू उघडून आत शोधावं लागायचं. टाकूच नका, राहू दे, असा सगळा रोख.

आणि मेख इथेच आहे. टाकणं थांबलं. वीस वर्षांत बँक, विमा, पोरांची शाळा, आयकर, विमानाची तिकिटं, सगळं एका पत्त्याला येऊन चिकटलं. मोबाइलचा नंबर आपण २०११ पासून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेऊ शकतो. ईमेलचा पत्ता नाही नेता येत. म्हणून मी म्हणतो, १ जीबी हे गाजर होतं. आपण खाल्लं, गोडही लागलं. पण दावं कधी पडलं ते कळलं नाही.

तर चर्चेसाठी दोन प्रश्न. तुमचा पहिला फुकट ईमेल पत्ता कुठला? आणि आजचा सोडायचा म्हटला तर सुटेल का?

खवट_खोबरं

पहिला!
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिला पत्ता कॉलेजात काढला होता. त्यात माझ्या नावापुढे 'कूल', नावामागे 'रॉक्स' आणि शेवटी जन्मसाल. नोकरीच्या अर्जावर तो लिहायची लाज वाटली म्हणून जीमेल घेतलं. आमची क्रांती इतकीच.

शेल_अकाउंट

दवंडीवाले, लेख चांगला आहे, पण श्रेय चुकीच्या दारात ठेवलंत. जीमेलने सोय केली. सुटका केली ती हॉटमेलने, आठ वर्षं आधी.

त्याआधी ईमेलचा पत्ता आपला नसायचा, कुणाच्या तरी मालकीचा असायचा. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट उघडलं, आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. पुण्याला ते आल्यावर माझा पत्ता होता गियासपीएन०१.व्हीएसएनएल.नेट.इन. फोनवर कुणाला सांगायचा म्हणजे घाम फुटायचा. समोरचा शून्य की ओ, एम की एन यातच अडकायचा. १७२२२२ डायल करायचं, मोडेम किंचाळायचा, आणि लागलं तर काळ्या पडद्यावर पाइन नावाचा मेलचा प्रोग्राम उघडायचा. वेबपानं बघायची तर लिंक्स नावाचा ब्राउझर, त्यात चित्र नाही, नुसती अक्षरं. आमचं शेल खातं, स्वस्तातलं. टीसीपी/आयपीवाले श्रीमंत, त्यांना चित्रं दिसायची. वर्गणी संपली आणि नूतनीकरण केलं नाही की पत्ता खलास. ऑफिसातला पत्ता असेल तर नोकरी सुटली की तोही गेला. आणि घरच्या संगणकावर पॉपने मेल उतरवून घेतला की तो त्या संगणकातच, गावाला गेलात तर बसा.

४ जुलै १९९६ ला हॉटमेल आलं आणि हे सगळं एका फटक्यात उलटलं. ब्राउझर असेल तिथे तुमची पेटी. दिवसही मुद्दाम निवडलेला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन.

त्यामागची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ एकाच कंपनीत कामाला होते आणि फावल्या वेळात स्वतःच्या धंद्याची जुळवाजुळव करत होते. त्याबद्दल एकमेकांना लिहायचं तर ऑफिसच्या मेलवर साहेबाची नजर, आणि बाहेरचा खाजगी मेल ऑफिसच्या फायरवॉलमुळे उघडत नाही. या अडचणीतून वेबवरच्या मेलची कल्पना निघाली. भांडवलदारांकडे जाताना भाटिया आधी 'जावासॉफ्ट' नावाची दुसरीच कल्पना दाखवायचे. समोरचा माणूस बरा वाटला तरच खरी बाहेर काढायची, नाहीतर कुणी ढापली म्हणजे? शेवटी ड्रेपर फिशर जर्व्हेटसनने ३ लाख डॉलर दिले. त्यांनी ३० टक्के हिस्सा मागितला, सौदा १५ वर ठरला.

आणि प्रत्येक मेलखाली ती एक ओळ: तुम्हालाही फुकट ईमेल हवा तर हॉटमेलवर या. ही ओळ पैसे देणाऱ्यांच्या डोक्यातून आलेली. भारतात आणि स्वीडनमध्ये एक पैशाची जाहिरात न करता हॉटमेल पहिल्या नंबरवर गेलं ते त्या ओळीच्या जिवावर. जाहिरात आपणच आपल्या मामा-मावशीला पाठवत होतो. दीड वर्षात ८० लाखांच्या वर खाती झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. बातम्यांतला आकडा ४० कोटी डॉलरच्या आसपास.

तेव्हा क्रांती म्हणायची तर ही म्हणा.

तळटीप

शेलकाका, किंचित दुरुस्ती. फुकट ईमेल हॉटमेलच्या आधी जूनोने दिला, एप्रिल १९९६ मध्ये. पण त्यासाठी त्यांचं सॉफ्टवेअर लागायचं, त्यांच्याच नंबरवर डायल करायचं, जाहिराती बघायच्या, आणि सेवा अमेरिकेपुरती. वेबवरचा नव्हे.
रॉकेटमेलही त्याच काळातला. फोर११ कंपनीचा तो मेल याहूने १९९७ च्या ऑक्टोबरात कंपनीसकट घेतला आणि रंग लावून याहू मेल म्हणून दुकानात मांडला.

शेल_अकाउंट

तळटीप, मान्य. म्हणूनच मी 'वेबवरच्या मेलची' असं लिहिलं होतं. चष्मा लावून वाचा. (हलके घ्या.)

पेंटियम३

आयडी बघून कळलं असेल की मी या धाग्याची वाट बघत होतो.

जीमेल सुरुवातीला चाललं ते सुमारे ३०० जुनाट पेंटियम ३ यंत्रांवर, गूगलमध्ये दुसऱ्या कुणालाच नको होती अशी. आमंत्रणाशिवाय खातं नाही, हा जो प्रकार होता तो लोकांना मानपानाचा वाटला. मुळात यंत्रंच पुरेशी नव्हती म्हणून दार किलकिलं ठेवलं होतं. पहिल्या फेरीत हजारेक लोकांना बोलावलं, मग त्यांना थोडी थोडी आमंत्रणं वाटायला दिली. ईबेवर एकेक आमंत्रण दीडशे डॉलरला विकलं जात होतं. सगळ्यांसाठी दार उघडलं फेब्रुवारी २००७ मध्ये, आणि नावाखालची 'बीटा'ची, म्हणजे अजून चाचणी चालू असल्याची, पाटी उतरली जुलै २००९ मध्ये. पाच वर्षं बीटा! आमच्या ऑफिसात एखादं मॉड्यूल पाच महिने बीटात राहिलं तर कस्टमर फोनवर आईबहीण काढतो.

१ जीबी परवडायचं कसं, याचं उत्तर फार सोपं आहे. पाचशे पत्रिका वाटल्या म्हणून लग्नात कुणी पाचशे पानं मांडून ठेवत नाही. तुमच्या नावावर १ जीबी लिहिलेलं असतं, डिस्कवर तुमचे असतील तेवढेच ४-५ एमबी. बाकीची डिस्क पुढच्या वर्षी घ्यायची, तोवर तिचा भाव आणखी उतरतो. हॉटमेल-याहूला हे गणित येत नव्हतं असं नाही. पण त्यांच्याकडे आधीच कोट्यवधी खाती पडून होती, आणि जास्त जागेसाठी ते पैसे घेत होते. स्वतःच विकतोय ती वस्तू फुकट कोण वाटेल? जीमेल आल्यावर दोन-तीन महिन्यांत याहू १०० एमबीवर गेलं आणि हॉटमेलने २५० जाहीर केले, म्हणजे जागा होतीच की.

दुसरी गोष्ट लेखात राहिली. तेव्हाच्या वेबमेलमध्ये प्रत्येक क्लिकला अख्खं पान नव्याने यायचं. डायलअपवर एक मेल उघडायचा, चहा ठेवून यायचं. जीमेलने एकदाच जाडजूड जावास्क्रिप्ट उतरवून घेतली आणि पुढे फक्त लागेल तेवढा मजकूर मागवला. तेव्हा ब्राउझरमध्ये असं काही चालतं हे बघून आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी दिवसभर काम सोडून पानाचा सोर्स चाळला होता.

जाता जाता, हॉटमेल मायक्रोसॉफ्टने घेतलं तरी काही वर्षं ते चालत होतं फ्रीबीएसडी आणि सोलारिस या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर. विंडोज विकणाऱ्यांचा मेल युनिक्सवर. २००० मध्ये कुठे विंडोज २००० वर न्यायला सुरुवात झाली.

खवट_खोबरं

आणखी एक मसाला. गूगलने घ्यायच्या आधी जीमेल.कॉम हे डोमेन गारफिल्ड मांजराच्या वेबसाइटकडे होतं. तिथेही फुकट ईमेल मिळायचा. म्हणजे जीमेलमधला 'जी' आधी बोक्याचा!

नीलपक्षी

मी लीड्समधून लिहितेय. तांत्रिक वाद तुमचे चालू द्या, मला नेटकॅफे आठवला.

मी शिकायला बाहेर पडले तेव्हा इचलकरंजीला आमच्या घरी संगणक नव्हता. फोन महाग, पत्राला दहा-बारा दिवस. मग बाबांनी कोपऱ्यावरच्या नेटकॅफेवाल्या दादाशी ठरवून टाकलं. खातं बाबांच्या नावाचं, पासवर्ड दादाकडे. मी लिहिलेला मेल दादा डॉट मॅट्रिक्सवर छापून ठेवायचा, बाबा संध्याकाळी भाजी आणायला गेले की घेऊन यायचे, पानाला पाच रुपये. मेल रोमन लिपीतलं मराठी. 'Kashi' लिहिलं की 'कशी' की 'काशी' हे... अरे, इथे रोमन चालत नाही ना, असो. आईला ती रोमन वाचता यायची नाही, म्हणून बाबा मोठ्याने वाचायचे आणि माझ्या तक्रारी वाचताना गाळायचे. हे मला पुढे कळलं. उत्तर आई वहीच्या पानावर लिहायची, दादा ते स्कॅन करून पाठवायचा. एक पान म्हणजे तीन-चारशे केबी. तेव्हा दवंडीवाल्यांच्या २ एमबीत आईची किती पत्रं बसायची ते तुम्हीच बघा. जुनं काढल्याशिवाय नवं येत नसे. मी प्रत्येक पत्र कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लॉपीवर उतरवून मग उडवायचे.

त्यामुळे १ जीबीला गाजर म्हटलेलं मला थोडं लागलं. ज्याच्याकडे टाकायला काही नव्हतं त्याच्यासाठी गाजर. जीमेल मिळाल्यावर मी एकही पत्र उडवलेलं नाही.

देवनागरीचंही तेच. शिवाजी नाहीतर किरण फॉन्टमध्ये टाइप करून पाठवायचं, समोर तो फॉन्ट नसला की नुसती कचकच. सगळ्या लिप्यांसाठीचं युनिकोड आलं तरी सुरुवातीच्या बऱ्याच वेबमेलांत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. जीमेलमध्ये पहिल्यांदा आईचं नाव विषयाच्या ओळीत सरळ दिसलं.

अवांतर: आमच्याकडे ब्रिटनमध्ये २००५ च्या ऑक्टोबरपासून नव्या खात्यांना जीमेल.कॉम मिळतच नव्हतं, ट्रेडमार्कच्या भांडणामुळे गूगलमेल.कॉम मिळायचं. २०१० मध्ये परत जीमेल झालं. दोन्ही पत्ते एकाच पेटीत येतात, पण हे फॉर्म भरून घेणाऱ्या बाईला समजावून सांगता सांगता नाकी नऊ यायचे.

दवंडीवाला

नीलपक्षी, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा सरस. गाजर शब्द मात्र मी मागे घेत नाही. तुमच्या आईची पत्रं तिथे आहेत, म्हणजे तुम्हीही तिथून हलणार नाही. माझा मुद्दा तोच तर आहे.

माहीमकर

सगळे हॉटमेल-जीमेल करताहेत आणि रेडिफमेलचं नाव खवटराव सोडून... नाही, त्यांनीही घेतलं नाही. धिक्कार!

अहो, मुंबईची कंपनी. अजित बालकृष्णन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. १९७३ मध्ये रेडिफ्यूजन जाहिरात संस्था काढणाऱ्या तिघांपैकी ते एक. ऑफिस माहीमला, आमच्या घरापासून चालत. २००० च्या जूनमध्ये नॅस्डॅकवर नोंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांना आपलाच पोरगा परदेशी गेल्यासारखं झालं होतं, शेअर एकाकडेही नव्हता ही गोष्ट वेगळी. लातूर, जळगाव, सोलापूरकडच्या पोरांचे बायोडेटा बघा त्या काळातले. दहातल्या सहांवर रेडिफमेल. शिक्षक, एलआयसी एजंट, वकील, पतपेढ्यांचे सचिव, सगळे रेडिफवर. जीमेलच्या १ जीबीला उत्तर म्हणून त्याच वर्षी रेडिफनेही १ जीबी दिला होता. आमंत्रण नको, काही नको.

मग हरले कुठे? जागेत नाही हरले. माझ्या मते ते मोबाइलच्या दुकानात हरले. माझ्या भावाचं सावंतवाडीला दुकान आहे, तिथे मी स्वतः बसलेलो आहे. अँड्रॉइड फोन खोक्यातून काढला, चालू केला की तो पहिलं काय मागतो? गूगल खातं. गिऱ्हाईक म्हणतं, माझा रेडिफचा आहे, तो घाल. दुकानातला पोरगा म्हणतो, तो चालत नाही काका, थांबा, नवीन काढून देतो. नाव विचारतो, जन्मतारीख पुढची-मागची कशीही टाकतो, पासवर्ड बहुतेक वेळा मोबाइल नंबरच, आणि पेनाने खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून देतो. झालं. काकांना जीमेलचा पत्ता आहे हे काकांना माहीतही नसतं! ते खोकं हरवलं की पुढच्या फोनला आणखी एक खातं. मालवण-वेंगुर्ल्याकडे एकेका माणसाच्या नावावर चार-चार जीमेल असतील आणि मेल एकालाही येत नसेल.

हे १ जीबीने झालं नाही, शोधाने झालं नाही. हे प्ले स्टोअरने केलं.

पेंटियम३

माहीमकर, +१. या धाग्यातला सर्वांत दमदार मुद्दा. खोक्यातला पासवर्ड तर तंतोतंत. आमच्या शेजारच्या आजोबांचं खातं परत मिळवायला मी त्यांच्या माळ्यावर खोकं शोधत बसलो होतो.

ताळेबंद

फुकटचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा, म्हणून मी.

जीमेल आलं त्या आठवड्यात सगळ्यात मोठा गदारोळ जागेवरून झालेला नव्हता. तुमचा मेल यंत्र वाचणार आणि त्यातल्या शब्दांवरून शेजारी जाहिराती लावणार, यावरून झाला होता. एप्रिल २००४ मध्येच ३१ संस्थांनी एकत्र पत्र लिहून सेवा थांबवा म्हणून सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर लिझ फिगेरोआ यांनी त्यावर विधेयक आणलं. गूगलचं म्हणणं, माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं, आणि स्पॅम किंवा व्हायरस शोधायला सगळ्यांचीच यंत्रं मेल वाचतात.

हे उत्तर अर्धं खरं आहे. नीलपक्षींच्या बाबांनी जीमेल घेतलं नव्हतं असं समजा. त्यांनी दुसऱ्या सेवेवरून मुलीच्या जीमेलवर पत्र पाठवलं, तर त्यांचंही पत्र वाचलं जाणार. त्यांनी कुठल्या अटींवर टिचकी मारली होती? हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्याला सरळ उत्तर कधी मिळालं नाही. २०१७ च्या जूनमध्ये गूगलने जाहीर केलं की जाहिरातींसाठी मेल वाचणं बंद करतो. तेरा वर्षं झाल्यावर. तोपर्यंत आपण शोध, नकाशे, यूट्यूब यांतून इतकं सांगून बसलो होतो की मेलची गरज कुणाला?

दवंडीवाले दावं म्हणतात. दावं निदान दिसतं तरी.

खवट_खोबरं

ताळेबंद, तुमचा हा प्रतिसाद यंत्राने वाचला आहे. तुम्हाला आता दाव्याच्या जाहिराती दिसतील.

शेल_अकाउंट

ताळेबंद यांचं बरोबर आहे, पण मेल कुणीतरी वाचेल ही भीती फुकट सेवेआधीही होतीच. व्हीएसएनएल सरकारी, ऑफिसचा सर्व्हर साहेबाचा. आणि फुकटवाल्यांची सुरक्षा म्हणाल तर ऑगस्ट १९९९ मध्ये हॉटमेलला असं भोक पडलं होतं की साधं वेबपान वापरून कुणाचीही पेटी उघडता येत होती. जगभर पेपरात आलं. लोकांनी काय केलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी परत लॉगिन. पत्ता बदलायचा तर शंभर लोकांना कळवा, हे १९९९ मध्येही नकोच होतं. तेव्हा दवंडीवाले, तुमचं दावं १९९६ पासूनचं आहे. मी स्वतः ते गळ्यात घालून हिंडतोय. हॉटमेल बंद होऊन आउटलुक झालं, माझा हॉटमेलचा पत्ता अजून चालू आहे.

फॉरवर्ड_काकू

सगळ्यांचं वाचून काढलं. माझा प्रश्न साधा आहे, कृपया हसू नका. माझं जीमेल रोज सांगतं की जागा संपत आली, १५ जीबी पैकी १४.८ भरली. मी मेल करतेच कितीसे! सुविचार फॉरवर्ड करायचे तेही आता व्हॉट्सॅपवर. मग भरलं कशाने? आणि ते महिना १३० रुपयांचं घ्या म्हणून मागे लागलंय, घ्यावं का?

पेंटियम३

काकू, हसण्यासारखं काही नाही, निम्म्या महाराष्ट्राचा हाच प्रश्न आहे. ते १५ जीबी नुसत्या मेलचे नाहीत. २०१३ पासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून १५. फोटो आधी थोडी प्रत कमी करून फुकट ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून तेही मोजायला लागले. तुमच्या फोनमधले फोटो नि व्हिडिओ आपोआप वर जात असणार.

असं करा. फोनवर गूगल वन उघडा, त्यात जागा मोकळी करा असा पर्याय आहे. तो मोठे व्हिडिओ आणि जड अटॅचमेंटवाले मेल वेगळे काढून दाखवतो. सुविचारांना हात लावू नका, त्यांनी काही भरत नाही. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ बघा, आधी कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, नीट उघडतात ना ते तपासा आणि मगच उडवा. ट्रॅशही रिकामी करा, नाहीतर जागा तशीच अडकून राहते. आणि जुनं दुसरं एखादं जीमेल खातं असेल तर त्यात एकदा लॉगिन करून ठेवा. डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे.

दवंडीवाला

बघा! टाकूच नका म्हणणारेच आता म्हणताहेत, टाका नाहीतर पैसे भरा.

पेंटियम३

वीस वर्षं फुकट ठेवून घेतल्यावर महिन्याला १३० रुपये मागितले तर फार नाही हो. मला खटकतो तो पत्त्याचा मुद्दा, आणि त्याला इलाज आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे अमुक.कॉम असं स्वतःचं नाव, घ्या. वर्षाला हजाराच्या आत-बाहेर पडतं. पत्ता तुमच्या नावाचा, मागे सेवा कुणाचीही लावा, झोहो, प्रोटॉन, गूगल. आवडली नाही तर डोमेनची दिशा बदला, पत्ता तोच राहतो. मोबाइल पोर्ट केल्यासारखं.

खवट_खोबरं

आणि डोमेनचं नूतनीकरण करायला विसरलात तर?

तळटीप

हा प्रश्न विनोदी वाटला तरी विनोदी नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच पासपोर्ट.कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्या पासपोर्टवर चालायचं. कित्येकांना आपल्या पेटीत शिरता येईना. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. ४० कोटी डॉलरची वस्तू, ३५ डॉलरला अडलेली.

शेल_अकाउंट

आमच्याकडे डोमेन मुलाने घेतलंय. नूतनीकरणाची सूचना कुठल्या पत्त्यावर येते विचारलं, तर म्हणाला जीमेलवर.

माहीमकर

शेलकाका _/\_
आजचा दिवस सार्थकी लागला.

फॉरवर्ड_काकू

पेंटियम३, तुम्ही सांगितलं तसं केलं. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ तीनदा चढला होता, एकटाच सहा जीबी खाऊन बसला होता. दोन उडवले, एक ठेवला. आता लाल पट्टी गेली. १३० रुपये वाचले, त्यात डोमेन नको आणि काही नको. बाकी त्या खोक्याचं वाचून यांचं खोकं काढून बघितलं, आत खरंच पेनाने पासवर्ड लिहिलाय. पण पत्ता कुठला तेच लिहिलेलं नाही. तो कसा शोधायचा?